पोस्टपेटीची एकच किल्ली

ते प्रकरण मी विसरलेले नाही, आणि विसरण्याचा माझा विचारही नाही. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, घरच्यांनी घरच्यांना घातलेले गंडे पाहिले. तरीही सगळ्यात अवघड तपास कोणता असं कोणी विचारलं, तर मी सांगते, एका बंद पाकिटाचा. ते पाकीट उघडायच्या आत मला गुन्हेगार शोधायचा होता. गुन्हेगार सापडला, आणि मग सगळं जग फिर्यादीला सांगू लागलं की आता गप्प बस.

हे लिहायला कारण झालं ते गेल्या रविवारचं बोलणं. आमची नात पुण्याहून फोनवर म्हणाली, "आजी, मला अठरा पूर्ण झाली. मतदार यादीत नाव बाबांनीच घातलं. मत कोणाला द्यायचं तेही तेच सांगतील. मला पॉलिटिक्समध्ये इंटरेस्ट नाही." तिच्या शेजारी बसलेला तिचा भाऊ हसलेला ऐकू आला. मी हसले नाही. तुम्हा दोघांसाठी हे लिहिते आहे. दुसऱ्या कोणी वाचलं तरी हरकत नाही. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही.

तुमची आजी लग्न होऊन अमेरिकेत आली तेव्हा पोलिसात जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. आधी मी पोलीस ठाण्यात फोन घ्यायचं काम करत होते. मग पोलीस अकादमी, मग गस्त, आणि शेवटची बरीच वर्षं डिटेक्टिव्ह. आमचं गाव फिनिक्सजवळ, चँडलरच्या आसपासचं एक उपनगर. चिपच्या कारखान्यांमुळे इथे पुण्यामुंबईचे, नागपूरचे इंजिनियर आले आणि कालांतराने त्यांचे आईवडीलही आले. खात्यात मराठी बोलणारी मी एकटी होते. त्यामुळे कुठले आजी-आजोबा हरवले, फसवले गेले किंवा नुसते भडकले, तरी फोन माझ्या टेबलावर यायचा.

आता इथली मतदानाची पद्धत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. अ‍ॅरिझोनात बहुतेकांची मतपत्रिका टपालाने घरी येते. ती घरी बसून भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर स्वतःची सही करायची आणि पाठवायची. निवडणूक कार्यालयात ती सही आधीच्या सहीशी ताडून बघतात. जुळली की पाकीट उघडतात आणि आतली मतपत्रिका बाकीच्या गठ्ठ्यात मिसळतात. मग ती कोणाची हे कोणालाही सांगता येत नाही. मत गुप्त राहावं म्हणून तसं केलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण एकदा मिसळलेलं मत परत काढता येत नाही. दुधात पडलेलं पाणी कोणी वेगळं काढलं आहे?

ऑक्टोबरचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती. गस्तीच्या गाड्या बाहेर पडल्या होत्या आणि मी आदल्या दिवशीचा अहवाल लिहीत होते. वाचनालयात निवडणुकीच्या दिवसाआधीच मत देण्यासाठी केंद्र उघडलं होतं, तिथल्या प्रमुख बाईंचा फोन आला.

"एक वयस्कर भारतीय महिला खुर्चीत बसून आहेत. उठत नाहीत. म्हणतात, पोलिसांना बोलवा."

असा फोन बहुधा माणसाला उठवून लावण्यासाठी येतो. इथे बसलेलं माणूसच पोलीस मागत होतं. मी लगेच निघाले.

हॉलच्या कोपऱ्यात त्या बसल्या होत्या. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, एसी लागतो म्हणून अंगात मुलाचा असावा असा मोठा स्वेटर. पर्स मांडीवर उभी धरलेली.

"काय झालं, मावशी?" मी मराठीत विचारलं.

त्यांनी आधी माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मराठी पोलीस? बरं झालं. बसा. तक्रार लिहून घ्या. माझं मत चोरीला गेलं."

त्या सीनियर सेंटरच्या व्हॅनने आल्या होत्या. ओळखपत्र दाखवलं तर कर्मचाऱ्याने पडद्यावर पाहून सांगितलं, तुमचं टपाली मत आम्हाला पोचलेलं आहे. मावशींनी मतपत्रिका डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. कर्मचारी सभ्य होता. नियमाप्रमाणे त्याने त्यांना तात्पुरती मतपत्रिका दिली, त्यांनी ती भरून बंद केली. पण आधीचं पाकीट मोजलं गेलं, तर ही बाद होणार होती.

"तुम्ही पाठवून विसरला असाल का?" हा प्रश्न मला विचारावाच लागला.

"बाई, नागपूरला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती मी. एकमेकींच्या नावाने सह्या ठोकून पोरी सिनेमाला जायच्या, आणि मी त्यांना फाटकात धरायची. मला विसराळू समजू नको. कोणीतरी माझ्या नावाने सही ठोकली आहे. तो धरून दे."

मी तक्रार नोंदवली. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाला फोन केला. तिथल्या अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितलं: पाकीट आलं आहे, सही तपासायची आहे, त्या गठ्ठ्याची पाळी सोमवारी. मतदार स्वतः येऊन शपथेवर म्हणाल्या की सही माझी नाही, तर पाकीट बाजूला ठेवू. नुसत्या पोलिसांच्या फोनवर ठेवता येणार नाही. मावशींसाठी शुक्रवारची वेळ घेतली.

दुपारी खबर आली, बिननावाची. फोनवरचा आवाज पुरुषाचा, घाईचा. "भारतीय वस्तीत एक टोपीवाला म्हातारा घरोघर फिरतो, पाकिटं गोळा करतो. पक्षाचा माणूस आहे. त्या बाईचं मत त्यानेच घेतलं." आणि फोन बंद.

आमच्या राज्यात घरचं किंवा सांभाळणारं माणूस सोडून दुसऱ्या कोणी मतपत्रिका नेऊन देणं हा गुन्हा आहे. त्यामुळे खबर सोडून देता येत नव्हती. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मावशींची तक्रार होऊन जेमतेम दोन तास झाले होते, आणि वस्तीला ती पाठ झाली होती.

टोपीवाले काका मला माहीत होते. सगळ्यांनाच होते. गणपतीत आरतीला पुढे, टाळ त्यांच्याच हातात. निवृत्तीनंतर एका पक्षाचं काम अंगावर घेतलेलं, टोपीवर पक्षाचा बिल्ला. मी त्यांना ठाण्यावर बोलावलं. खुर्चीत बसता बसता त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई, मी आतापर्यंत पार्किंगचा दंडसुद्धा भरलेला नाही."

"पाकिटं गोळा करता का?"

"पाकीट?" त्यांनी दोन्ही हात वर केले. "अहो, पाकिटाला मी शिवत नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये इतकं घाबरवून सोडलंय ना यार, परवा एका आजोबांनी म्हटलं, जरा एवढं चिकटवून द्या, तर मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. ते म्हणाले, काय शिक्षा झालीय का? मी म्हटलं, होऊ नये म्हणूनच उभा आहे."

"मग घराघरांत जाऊन करता काय?"

"चहा पितो, पत्रक देतो. खरं सांगू? पत्रक कोणी वाचत नाही. चहा मात्र चांगला असतो."

"त्या मावशींकडे गेला होता?"

"गेलो होतो. त्यांनी दारातच विचारलं, तुमच्या पक्षाचं नाव घटनेत कुठे आहे दाखवा. मी म्हटलं, पक्ष असा शब्दच नाही घटनेत. तर म्हणाल्या, मग मला घटना ठेवू द्या, पत्रक तुम्ही ठेवा. चहासुद्धा नाही दिला, ताई."

त्यांची माहिती मी पडताळून पाहिली. मावशींकडे ते गेले त्याआधीच पाकीट कार्यालयात पोचलेलं होतं. काकांना सोडलं. जाताना त्यांनी विचारलं, "खबर दुसऱ्या पक्षवाल्याने दिली ना?" मी उत्तर दिलं नाही. पोलिसाने अशा प्रश्नाला उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी गावात नवी फिर्याद उभी राहते.

संध्याकाळपर्यंत दोन्ही पक्षांच्या कार्यालयांतून आमच्या ठाण्याच्या कॅप्टनला फोन येऊन गेले. दोघांचीही खात्री होती की चोर पलीकडचा आहे. एकाला प्रकरण पेपरात हवं होतं, दुसऱ्याला मिटवायचं होतं. कॅप्टनने मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई म्हाताऱ्या आहेत. स्वतःच पाठवलं असेल आणि विसरल्या असतील. तसं लिही आणि बंद कर."

"पुरावा?"

"वय."

"वय हा पुरावा नाही," मी म्हणाले. "तसा असता तर तुमची माझी साक्षही कोर्टात चालली नसती."

ते चिडले, पण केस माझ्याकडेच ठेवली. एका मताने काय होतं, हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की शेवटी उलट विचारायला लागले: काहीच होत नाही, तर ते चोरलं कशाला?

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेले. एकसारख्या घरांची वस्ती, पुढे गवताऐवजी खडी, दारात लिंबाचं झाड. मुलगा घरून काम करत होता. चाळिशी ओलांडलेला, हुशार, अदबशीर. "या ना मॅडम. चहा घेणार?" घर आरशासारखं. फ्रिजवर आईच्या गोळ्यांचं रंगीत वेळापत्रक.

मावशी समोर बसल्या. मी माझ्या सवयीप्रमाणे सोप्या प्रश्नांनी सुरुवात केली.

"मावशी, नागरिकत्व कधी मिळालं तुम्हाला?"

"मागच्या वर्षी," मुलगा म्हणाला. "मीच सगळं प्रोसेस केलं."

"टपाल कधी येतं तुमच्याकडे?"

"दुपारी," मुलगा म्हणाला.

"मावशी, तुम्ही सकाळी किती वाजता उठता?"

"साडेपाच," मुलगा म्हणाला. "पण दुपारी झोपते. आणि मॅडम, खरं सांगायचं तर हल्ली विसरते ती. डॉक्टरांना दाखवायचंय."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेने वसतिगृहातल्या पोरी खोलीत पळत असतील.

इतक्या वर्षांत माणसांबद्दल एक गोष्ट मी शिकले होते. गुन्हेगार स्वतःवरच्या प्रश्नाला उत्तर टाळतो. पण घरातला मुख्य माणूस दुसऱ्यावरच्या प्रश्नाला उत्तर देतो, आणि आपण काही चूक केली असं त्याला वाटतही नाही. मी चहाचा कप खाली ठेवला.

"या वस्तीत पोस्टपेट्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एकत्र आहेत, कुलपाच्या. तुमच्या पेटीची किल्ली कोणाकडे असते?"

या वेळी मुलगा बोलला नाही.

"त्याच्याकडे," मावशी म्हणाल्या. "गाडीच्या जुडग्यात. एकच आहे." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला.

टोपीवाला नाही, पक्ष नाही, टपालवाला नाही. पेटी कुलपात, आणि कुलपाची एक किल्ली. मी मुलाला म्हटलं, ठाण्यावर या, एकटे.

तो आला. चौकशीच्या खोलीत मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले: गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क. म्हणाला, "वकील कशाला? मी एक्स्प्लेन करतो ना." शिकलेल्या माणसांचं हे नेहमीचंच. नीट समजावून सांगितलं की गुन्हा उरत नाही, असं त्यांना वाटतं.

"मावशी," त्याने मलाच नातं लावून सुरुवात केली, "तुम्ही आपल्याच आहात..."

"इथे मी मावशी नाही. डिटेक्टिव्ह आहे. बोला."

"मी तिचं सगळंच हँडल करतो, मॅडम. डॉक्टर, इन्शुरन्स, टॅक्स. तिचे पासवर्डसुद्धा माझ्याकडे आहेत. संडेला बसलो, माझी मतपत्रिका भरली, तिचीही भरून टाकली. पानंच्या पानं असतात. जज निवडायचे, नव्या कायद्यांच्या प्रपोझिशनवर हो-नाही करायचं, तिला कुठे कळणार?"

"सही?"

"सगळीकडे मीच करतो तिची. तिला वाचायला चष्मा शोधावा लागतो."

"तिने मतपत्रिका आली का म्हणून विचारलं होतं?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "विचारलं होतं. मी म्हटलं, येईल. मॅडम, ती फोनवर कसले कसले व्हिडिओ बघते. इन्फ्लुएन्स होते. या वेळी इलेक्शन साधं नाही. आमच्या मुलांच्या फ्युचरचा प्रश्न आहे."

"मतदाराला इन्फ्लुएन्स होण्याचा अधिकार आहे," मी म्हणाले. "तुम्ही नाही झालात?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"बरं, तिने कोणाला मत दिलं असतं?"

"मी भरलं तेच, ऑलमोस्ट."

"तिला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? आमच्या घरात एकच ओपिनियन असतं."

"कोणाचं?"

त्याने पाणी मागितलं. मी दिलं. तो वाईट माणूस नव्हता, हे तेव्हाही मला कळत होतं. सही जुळली नाही तर कार्यालय नोंदवलेल्या नंबरवर फोन करून विचारतं. मी तपासलं, तर मावशींच्या नावापुढे नोंदवलेला नंबर त्याचाच होता. म्हणजे कायद्याने लावलेली प्रत्येक कडी शेवटी त्याच्याच हातात जात होती, आणि ही सगळी सोय त्याने आईच्या काळजीपोटीच केलेली होती.

त्याचा जबाब नोंदवून त्याला घरी जाऊ दिलं. अहवाल सरकारी वकिलांकडे जाणारच होता. पण पाकिटाचं काय? त्याला जबाब पुरेसा नव्हता. शपथेवर मावशींनाच सांगायला हवं होतं. आणि त्यांनी ते सांगितलं, तर मुलाविरुद्ध पहिली साक्ष आईची होणार होती.

मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. मागच्या अंगणात त्यांनी पत्र्यावर सांडगे घातले होते. अ‍ॅरिझोनाचं ऊन वाळवणाला नागपूरपेक्षा सरस आहे, असं त्या मला आधी म्हणाल्या, मग खुर्ची दाखवली.

"किल्लीचं विचारलंस तेव्हाच कळलं मला," सांडगे उलटत त्या म्हणाल्या. "आता सांग. मी काही बोललीच नाही तर?"

"सोमवारी पाकिटाची पाळी येईल. सही जुळली तर ते मोजलं जाईल. तुम्ही वाचनालयात भरलेलं बाद होईल."

"मोजतील ते कोणाचं?"

"नोंदीत तुमचं."

"आणि त्याचं स्वतःचं?"

"तेही मोजतील."

"म्हणजे त्याला दोन आणि मला शून्य."

"हो."

"आणि बोलली तर? त्याची नोकरी?"

मी काही लपवलं नाही. गंभीर कलम लागलं तर नोकरी जाऊ शकते, आणि काही काळ त्याचा स्वतःचा मताचा हक्कही जाऊ शकतो. सौम्य कलम लागलं तर निभावेल. ते सरकारी वकील ठरवतील, मी नाही. त्या ऐकत होत्या, पण हात थांबला नव्हता. एक सांडगा फुटला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"सकाळपासून तीन फोन आले," त्या म्हणाल्या. "एक भिशीतली, एक माझी बहीण, एक त्याचा मित्र. सगळे म्हणून राहिले, एका मतासाठी पोटच्या पोराला कोर्टात उभं करशील का? त्यानं चोरलं तेव्हा त्याला कोणी फोन नव्हता केला, की एका मतासाठी आईला कशाला पुसून टाकतोस."

काचेचं दार सरकवून मुलगा बाहेर आला. डोळे सुजलेले. "आई, सोड ना आता. तुझ्यासाठीच करतो ना मी सगळं."

"करतोस. माझ्या गोळ्या आणतोस, गुडघ्याचं ऑपरेशन करवलंस, रात्री उठून पाय दाबलेस. देव तुझं भलं करो. पण नागरिकत्वाच्या परीक्षेला त्या साहेबानं मला विचारलं होतं, मताच्या हक्कासाठी घटनेत चार दुरुस्त्या आहेत, एक सांगा. मी चारही सांगितल्या. रंग कोणताही असो. बाई असो की पुरुष. कर भरो न भरो. अठरा पूर्ण झालेला कोणीही." त्यांनी पदराने हात पुसले. "पाचवी कोणती रे? लेकानं भरून द्यावं, अशी?"

त्याने मागचं काचेचं दार सरकवून बंद केलं.

"आणि मी विसरते म्हणून सांगितलंस तू पोलिसांना. माझ्या देखत. त्याचं काय करू?"

त्यावर तो तिथेच पायरीवर बसला. मी उठले. काही वेळी पोलिसाने निघून जाणं हाही तपासाचाच भाग असतो.

शुक्रवारी मी काउंटीच्या कार्यालयात आधीच जाऊन थांबले. त्या येतील की नाही, मला खात्री नव्हती. नियमाने मी त्यांना आणू शकत होते, पण मुद्दाम आणलं नाही. शपथ घ्यायला माणसाने स्वतःच्या पायाने यावं. ठरल्या वेळेला दार उघडलं आणि त्या आल्या. तोच स्वेटर, तीच पर्स. एकट्याच होत्या.

अधिकाऱ्याने पाकिटाचं चित्र पडद्यावर दाखवलं. मावशींनी पर्समधून चष्मा काढला. शोधावा लागला नाही. सही बराच वेळ पाहिली.

"छान केली आहे," त्या मला मराठीत म्हणाल्या. "पण माझी नाही." मग इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, अधिकाऱ्याला सांगितलं.

अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला. सही कोणाची आहे हे त्यांना माहीत आहे का?

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाची. गाडी पार्क करून येतो आहे तो."

आणि खरंच, दोन मिनिटांनी तो आत आला. त्यानेच त्यांना आणलं होतं. आईच्या मागे उभा राहून तो अधिकाऱ्याला एवढंच म्हणाला, "सही मी केली." कोणी विचारलेलंसुद्धा नव्हतं.

पाकीट न उघडता बाजूला ठेवण्यात आलं. मावशींनी वाचनालयात भरलेली मतपत्रिका मोजली गेली. मुलाने पुढे कोर्टातही गुन्हा कबूल केला. सरकारी वकिलांनी सौम्य कलम लावलं. त्याला तुरुंगाऐवजी प्रोबेशन, म्हणजे काही काळ देखरेख, आणि समाजसेवा मिळाली. नोकरी राहिली, मताचा हक्कही राहिला. वस्तीत काही महिने काही घरांनी मावशींना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तेवढीच गुडघ्यांना विश्रांती."

कॅप्टनला मी अहवाल दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या दोन मतपत्रिकांवर उमेदवार तेच होते का?" मला माहीत नव्हतं. आजही नाही. एक पाकीट कधी उघडलं नाही आणि दुसरं गठ्ठ्यात मिसळलं. कदाचित आई आणि मुलगा अगदी एकच खूण करून बसले असतील. तरी तो गुन्हाच होता. आपलं मत दुसऱ्याने बरोबर ओळखलं, म्हणून ते त्याचं होत नाही.

या देशाने मताच्या हक्कासाठी घटना पुन्हा पुन्हा दुरुस्त केली. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिले. ते सगळं मी अकादमीत शिकले होते आणि ते खरं आहे. पण मी ज्या घराचा तपास केला, तिथे तो हक्क बोटाएवढ्या किल्लीपाशी अडला होता आणि किल्ली प्रेमाने धरलेली होती. जबरदस्तीने हक्क घेणारा लगेच दिसतो. काळजीपोटी घेणाऱ्याला आपण उलट चहा देतो. मी पोलीस म्हणून शिकले ते एवढंच: घरात एका माणसाला विचारलेल्या प्रश्नाला दुसरं माणूस उत्तर देत असेल, तर तिथे काहीतरी चोरीला गेलेलं असतं.

पुढच्या निवडणुकीला मी निवृत्त झालेले होते. वाचनालयात मत द्यायला गेले तर पार्किंगमध्ये तो मुलगा गाडीत बसलेला दिसला, एसी लावून. मला पाहून काच खाली केली.

"आई आत गेलीय. टपालाने नको म्हणाली. आणि मला म्हणाली, तू इथेच थांब."

"दुसरी किल्ली केलीस?"

"त्याच आठवड्यात. आता टपाल तीच आणते. माझंसुद्धा उघडून बघते, मॅडम." तो हसला.

मावशी बाहेर आल्या. मत दिल्यावर मिळणारं गोल स्टिकर त्यांनी साडीवर मधोमध लावलं होतं. मला हात केला आणि गाडीत बसल्या.

"आई, नाव नको सांगू," तो म्हणाला. "निदान पक्ष तरी सांग."

"घटनेत पक्ष आहे का?"

"नाही."

"मग चल. सांडगे उन्हात आहेत."

म्हणून आता नातीला विचारते. पुण्याच्या घरातल्या टपालपेटीची किल्ली कोणाकडे आहे? बाबांचं मत बाबांना विचार, आईचं आईला विचार, सगळ्यांचं ऐक, वाटलं तर तेच मत दे. पण मतदानाच्या दिवशी बाबांना शाळेच्या फाटकाबाहेर उभं कर आणि आत एकटी जा. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, तर सांगू नकोस. पुण्याला परत गेला तरी तो माझाच मुलगा आहे. चिडला तर माझ्याकडे पाठव.